माल कच्चा आहे, कोवळा नाही

मार्च उजाडला की वाशीच्या फळबाजारात पेटी उघडून दाखवताना विकणारा हमखास सांगतो, "माल कच्चा आहे, कोवळा नाही." पेंढा बाजूला सारल्यावर आत हिरवेगार हापूस दिसलेले असतात, गिऱ्हाइकाचा चेहरा पडलेला असतो, म्हणून हे सांगावं लागतं. बाहेरच्याला दोन्ही शब्द एकाच अर्थाचे वाटतात. पण पेटीचे पैसे त्या दोघांमधल्या फरकावरच ठरतात. कच्चा म्हणजे वाढ पुरी झालेला, फक्त पिकायचा राहिलेला. कोवळा म्हणजे वाढच पुरी न झालेला. कच्च्याला आठ-दहा दिवस दिले की काम होतं. कोवळ्याला झाडावर दिवस द्यायला हवे होते आणि आता झाड शेकडो किलोमीटर लांब राहिलेलं असतं.

फळ मोहरातून बाहेर पडल्यापासून बागायतदार त्याला नावं ठेवत जातो: आधी कणी, मग वाटाण्याएवढं, सुपारीएवढं, अंड्याएवढं. पुढे बाठ धरते, म्हणजे आतली कोय टणक होते. त्यानंतर खांदे भरतात. देठाच्या दोन्ही बाजूंना फळ फुगून वर येतं आणि देठ खळीत बसल्यासारखा दिसतो. कोवळ्या फळाचे खांदे उतरते असतात, देठ टोकावर उभा. तयार फळाचा गडद हिरवा रंग फिकट होतो, आणि एखादं फळ चिरून पाहिलं तर बाठीला लागून असलेला गर पिवळसर झालेला दिसतो. आणखी एक सोपी परीक्षा बादलीभर पाण्याची: तयार फळ तळाला जातं, कोवळं तरंगतं. हापूसला फळधारणेपासून इथवर यायला साडेतीन-चार महिने लागतात. झाडावर एखादं फळ आपणहून पिकलं की त्याला पाड म्हणतात. पाड लागला म्हणजे बाकीचं झाडही उतरवायला आलं. सगळी फळं झाडावरच पिकू द्यावीत असं मात्र नाही. हापूस जास्त दिवस झाडावर राहिला की त्यात साका होण्याचा, म्हणजे आतला गर स्पंजासारखा पांढरट होण्याचा धोका वाढतो, म्हणून साधारण ८० ते ८५ टक्के तयारीला फळ उतरवायचं, तेही देठासकट, नाहीतर चीक सालीवर ओघळून डाग पडतात.

मग कोवळा माल बाजारात येतोच का? पहिल्या पेट्यांना भाव चढा मिळतो म्हणून. पण पिकणं म्हणजे गरात साठलेल्या पिष्टाची साखर होणं, आणि कोवळ्या फळात पिष्टच पुरतं साठलेलं नसतं. ते अढीत घाला नाहीतर खोलीत गॅस सोडा, साल पिवळी होईल, देठाकडे सुरकुत्या पडतील आणि गर पाणचट, आंबूस राहील. अढी म्हणजे कोरड्या भाताच्या पेंढ्यावर फळांचा थर, वर पुन्हा पेंढा. थर दोन-तीनच्या वर चढवले तर खालची फळं दबतात आणि ऊब कोंडते. मधूनमधून हात घालून पिकलेली वेगळी काढावी लागतात, नाहीतर एक नासकं शेजारच्या चारांना घेऊन बसतं. व्यापारी खोल्यांमध्ये हेच काम इथिलीन वायू करतो. अन्नसुरक्षेच्या नियमांनी त्याला १०० पीपीएमपर्यंत मुभा आहे. कॅल्शियम कार्बाइडला मात्र २०११च्या नियमांनी बंदी आहे, कारण त्यातून ॲसिटिलीनबरोबर आर्सेनिक आणि फॉस्फरसचे अंश फळावर येऊ शकतात. इथिलीन निर्दोष असला तरी तो काय करू शकतो हे लक्षात ठेवावं. फळाने साठवलेलं असेल तेवढंच तो बाहेर काढतो. पी हळद अन् हो गोरी, हे आंब्यालाही लागू पडत नाही.

आता हे दोन शब्द पुन्हा ऐकावेत. 'कच्चा' म्हटलं तर कुणाचीच चूक नसते, थोडा धीर धरा एवढाच निरोप असतो. 'कोवळा' म्हटलं की उतरवणाऱ्याकडे बोट जातं. दोष फळाचा नाहीच, घाई करणाऱ्याचा. अपक्वतेसाठी मराठीत शब्दांची कमतरता कधीच नव्हती, पण प्रत्येक शब्दाबरोबर जबाबदारी वेगवेगळ्या माणसाच्या गळ्यात पडते, आणि बोलणाऱ्याला ते नेमकं ठाऊक असतं. कोशात शेजारी शेजारी बसवलेले समानार्थी शब्द खरे कुठे वेगळे होतात ते इथे कळतं.

वाशीच्याच बाजार समितीच्या भाजी मार्केटात गेलं की शब्द उलटा होतो. तिथे 'कोवळी' ही शाबासकी. भेंडीचं टोक वाकवलं आणि कट्कन मोडलं तर कोवळी, नुसतंच लवलं तर जून. दुधीला नख लावलं की आत रुतलं पाहिजे. गवार, काकडी, वांगं, सगळ्यांना बिया धरायच्या आत तोडायचं. इथे वाढ पुरी होणं हाच दोष, आणि त्याला जून, निबर, बियाळ असे नाराज शब्द. कैरी या दोन मुलखांच्या सीमेवर बसते. चटणीला, कच्ची मीठ-तिखट लावून खायला बाठ न धरलेली कोवळी कैरी चालते. वर्षभराच्या लोणच्याला मात्र बाठ धरलेली, करकरीतच हवी. पहिला पाऊस पडायच्या सुमाराला ठाण्याच्या जांभळी नाक्यावर कैऱ्या फोडून देणारे मोठा अडकित्ता घेऊन बसलेले दिसतात. फोडीला कोयीचं कवच चिकटलेलं असेल तरच ती मिठात टिकते. किलोला दीडशे ते दोनशे ग्रॅम मीठ नेहमीप्रमाणे घातलं तरी कोवळी फोड महिन्याभरात लिबलिबीत होते आणि दोष बिचाऱ्या मोहरीला दिला जातो.

चिंचेला तर मधल्या अवस्थेचा स्वतःचा शब्द आहे, गाभुळलेली. हिरवी नाही, पिकलेलीही नाही, टरफल सुटू लागलेलं, गर घट्ट आणि आंबटगोड. सतरा वर्षांच्या मुलाला आपण 'पोरसवदा' म्हणतो. वाईट शब्द नाही, पण त्यात पोर आहे, मोठेपण कुठेच नाही. गाभुळलेला म्हटलं असतं तर दोन्ही बाजूंना न्याय मिळाला असता.

पिकण्याचा संबंध थेट चुलीशी आहे. संस्कृत 'पच्' या एका धातूत शिजणं, पिकणं आणि पचणं तिन्ही आहे. त्यातून पक्व आला, पक्वान्न आलं, साखरेचा पाक आला, आणि प्राकृतातून खाली येताना पिकणं आणि पक्का आले. म्हणजे 'परिपक्व' म्हणजे सगळीकडून शिजलेला. सुरेख कल्पना आहे, भाताचं एक शीत दाबून सगळ्या भांड्याचा अंदाज घेण्यासारखी. पण 'अपरिपक्व' हा शब्द आज ज्या चवीने वापरला जातो, त्यात चुलीची ऊब नावालाही नाही. इंग्रजी शब्दाला मराठी टोपी घालायची म्हणून तो अग्रलेखात आणि प्रगतिपुस्तकात बसवला गेला. 'राजकीय अपरिपक्वता' वाचल्यावर कुणाचं काय चुकलं, ते वयामुळे की अनुभव नसल्यामुळे, सुधारेल की नाही, यातलं काहीच कळत नाही. 'कच्चा' म्हटलं असतं तर सुधारेल असं कळलं असतं. 'पोरकट' म्हटलं असतं तर लाज वाटली असती. 'अपरिपक्व' म्हटल्याने कुणाच्या केसालाही धक्का लागत नाही. म्हणूनच तो लोकप्रिय असावा.

माणसांच्या बाबतीत मराठीचा खरा, ठसठशीत शब्द 'पोरकट'. त्यातला 'कट' कुठून येतो हे त्याच्या भावंडांकडे पाहिलं की समजतं: मळकट, तेलकट, धुरकट, मातकट. एखाद्या गोष्टीचा नको असलेला अंश अंगाला चिकटून राहिला की आपण 'कट' लावतो. तेल वाईट नाही, पण तेलकट हात कुणाला नको असतो. तसंच पोर वाईट नाही. पोरपणाचा थर पुसला गेला नाही, ही तक्रार आहे. त्यामुळे या शब्दाला एक पक्का नियम पडलाय, जो कुठल्या व्याकरणात सांगितलेला नसला तरी सगळे पाळतात. खऱ्या पोराला पोरकट म्हणत नाहीत. पाच वर्षांच्या मुलाने बिस्किटासाठी जमिनीवर लोळण घेतली तर तो हट्टी, पोरकट नव्हे. तेच सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पार्किंगच्या जागेवरून पन्नाशीतल्या गृहस्थांनी केलं, तर पोरकट. शब्द वापरायला आधी वय उलटून गेलेलं असावं लागतं.

आणि तो बहुधा कृतीला लागतो. 'पोरकटपणा करू नकोस' यात अजून आशा आहे, कारण करणं थांबवता येतं. 'तो पोरकटच आहे' म्हटलं की दार बंद झालं. 'बालिश' मात्र वागण्यापेक्षा बोलण्याला आणि विचाराला जास्त शोभतो: बालिश प्रश्न, बालिश युक्तिवाद, बालिश आरोप. हा जुना संस्कृत शब्द आहे आणि तिथेही त्याचा अर्थ पोरवयाचा, अजाण, मूर्ख असाच होतो. शेवटी 'इश' ऐकू आल्यामुळे तो इंग्रजीच्या धर्तीवर बनवल्यासारखा वाटतो, तो निव्वळ योगायोग. (बंगालीत बालिश म्हणजे उशी. बंगाली शेजाऱ्याच्या लेखाला बालिश म्हणण्याआधी एवढं ध्यानात असलेलं बरं.) 'बाळबोध' चुकूनही यांच्या पंक्तीत बसवू नये. बाळालाही बोध होईल असं सोपं, म्हणजे तो मुळात गुण होता. हल्ली समीक्षेत तो तुच्छतेने वापरतात, आणि त्यात तुच्छता वापरणाऱ्याचीच दिसते.

'अर्धवट' हा शब्द शक्यतो टाळावा. अर्ध्या समजुतीचा माणूस आणि बौद्धिक अपंगत्व असलेला माणूस यांची त्यात निष्काळजी सरमिसळ होते. १९०१पासून मनोरुग्णालय असलेल्या ठाण्यात राहणाऱ्यांनी तर "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद मुंबईच्या नातेवाइकांकडून इतक्यांदा ऐकलेला असतो की त्यात हसण्यासारखं काही उरलेलं नाही.

शब्दांची वाटणी मुलगा-मुलगी पाहूनही होते. 'अल्लड' जवळजवळ मुलींच्याच वाट्याला, तोही पाहणाऱ्याला ती गोड वाटते तोवर. मुलगा वांड, हूड, व्रात्य असतो. पंचविशीतला मुलगा नोकरी सोडून घरी बसला की आई म्हणते, "लहान आहे हो अजून." त्याच वयाच्या सुनेने सुट्टीच्या दिवशी उशिरा उठावं, तो पोरकटपणा ठरतो. आणि मुलीला पहिली पाळी आली की 'शहाणी झाली' म्हणण्याची जुनी रीत आहेच. बारा-तेरा वर्षांच्या शरीरात एक बदल झाला आणि शहाणपण त्याच सकाळी बहाल झालं. मुलाला मिसरूड फुटतं तेव्हा त्याच्याकडून कसलंच शहाणपण मागत नाहीत, नवं ब्लेड आणून देतात.

सगळ्यात कठोर शब्द मात्र सरकारी कागदावर आहे. सातबाऱ्यावर एखाद्या खातेदाराच्या नावापुढे 'अज्ञान' आणि मग 'अ.पा.क.' अशी अक्षरं दिसतात. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, आणि पुढे आईचं, काकाचं, आजोबांचं नाव. पहिल्यांदा उतारा वाचणाऱ्याला 'अज्ञान' ही शिवी वाटते. इथे त्याचा अर्थ एवढाच की खातेदाराला कायद्याने १८ वर्षं पूर्ण झालेली नाहीत, तो सज्ञान नाही. वर्तमानपत्रं यालाच अल्पवयीन म्हणतात. तो शब्द वयाकडे पाहतो, सातबाऱ्यावरचा जाणतेपणाकडे. मला जुनाच बरा वाटतो, कारण त्यात न जाणणाऱ्याच्या शेजारी जाणणाऱ्याला उभं केलेलं आहे. अज्ञान एकटा कधी येत नाही, त्याच्यामागे पालनकर्ता असतो.

नवी मुंबईत हा शब्द खूप घरांना ओळखीचा आहे. ठाणे, पनवेल, उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनी शहरासाठी घेतल्या गेल्या, शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या १९८४च्या आंदोलनानंतर पुढे मूळ मालकांना घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्क्यांचे भूखंड परत देण्याची योजना आली, आणि वारसांची नावं लावताना त्यात पाळण्यातली पोरंही होती. अज्ञानाच्या स्वतंत्र मालकीची स्थावर मिळकत आईवडिलांनासुद्धा मनाने विकता येत नाही. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६च्या कलम ८प्रमाणे विक्री, गहाण, बक्षीस, अदलाबदल, तसंच पाच वर्षांहून जास्त मुदतीचा किंवा मूल सज्ञान झाल्यावर वर्षापलीकडे चालणारा भाडेपट्टा, या सगळ्यांना आधी न्यायालयाची परवानगी लागते. एकत्र कुटुंबातल्या अविभक्त हिश्श्याची गोष्ट वेगळी, तिथे कर्त्याचे अधिकार येतात. परवानगीशिवाय व्यवहार झालाच, तर मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आत तो रद्द करून मागू शकतं. त्यामुळे असली जमीन घेणाऱ्याने आईच्या सहीवर समाधान मानू नये, आदेशाची प्रत मागावी.

घोटाळा बहुतेक वेळा नंतर होतो. अठरावा वाढदिवस येतो, केक कापला जातो, आणि उताऱ्यावरचा शेरा आहे तिथेच राहतो. तो आपोआप जात नाही. ज्याच्या नावापुढे तो आहे त्याने जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला जोडून तलाठ्याकडे अर्ज करायचा असतो. ई-हक्क प्रणालीतून ऑनलाइनही करता येतो. मग फेरफार धरला जातो, नोटीस निघते, हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात आणि शेरा कमी होतो. हे वेळेवर करणारे थोडे. विक्रीचा किंवा कर्जाचा प्रसंग आल्यावर कळतं की केस पिकलेले, मुलीचं लग्न केलेले गृहस्थ कागदावर अजून अज्ञान आहेत आणि त्यांचा पालनकर्ता वारून वीस वर्षं झाली. दाखल्यावर आणि उताऱ्यावर नाव वेगवेगळ्या पद्धतीने लिहिलेलं असेल, एकीकडे वडिलांचं नाव आणि दुसरीकडे नुसतं टोपणनाव, तर एकाच व्यक्तीची ही दोन नावं असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडावं लागतं आणि चकरा वाढतात.

१८७२च्या करार कायद्याने अज्ञानाला करार करता येत नाही, पण १९३२च्या भागीदारी कायद्याने इतर भागीदारांच्या संमतीने त्याला भागीदारीच्या लाभात घेता येतं. फायद्यात वाटा आहे. तोट्यात त्याचा फर्ममधला हिस्सा जाऊ शकतो, पण व्यक्तिशः तो जबाबदार नाही. हे वाचल्यावर ठाण्यातल्या कुठल्याही चाळीत वाढलेल्या माणसाला एकच शब्द आठवेल: दूधभात.

लपाछपी, पकडापकडी, डब्बा ऐसपैस, लगोरी, सगळीकडे ही सोय होती आणि आहे. "हिलाही खेळायला घ्या" असं वरून, गॅलरीतून बजावलं जातं. मोठी पोरं नाइलाजाने घेतात आणि डाव सुरू व्हायच्या आत जाहीर करतात, "ही दूधभात हं." काही ठिकाणी कच्चा लिंबू म्हणतात. जाहीर करणं महत्त्वाचं, मागाहून केलेलं कुणी ऐकून घेत नाही. दूधभाताने पळायचं, लपायचं, ओरडायचं, पण पकडलं गेलं तरी त्याच्यावर राज्य येत नाही. भांडणं ठरलेल्या जागी होतात. लगोरीच्या शेवटच्या दोन ठिकऱ्या दूधभाताने रचल्या तर लगोरी लागली की नाही? लपलेल्यांचा पत्ता त्याने बोट दाखवून फोडला तर डाव पुन्हा घ्यायचा का? आधी ठरवलेलं नसेल तर मोठी पोरं जिंकण्यापुरतं त्याला खेळाडू मानतात आणि हरण्यापुरतं दूधभात. ही लबाडी मोठेपणीही बरीच वर्षं पुरते.

दूधभात कधी सुटतो याला अर्ज नाही, दाखला नाही, अठरा वर्षांची रेघ नाही. चार-पाच वर्षांचं पोर त्यात खूश असतं. सहा-सात वर्षांचं झालं की त्यालाच ते टोचायला लागतं. ते मुद्दाम समोरून जातं, पकडलं जातं, आणि कुणी लक्ष देत नाही म्हटल्यावर रडकुंडीला येतं. मग एखाद्या संध्याकाळी, घोडबंदर रोडच्या टॉवरच्या पार्किंगमध्ये असो की नौपाड्यातल्या जुन्या अंगणात, ते खांबाला तोंड लावून उभं राहतं, डोळे झाकतं आणि कुणाला न विचारता एक ते शंभर मोजायला सुरुवात करतं.